जुन्या गंजिफा विकण्यापूर्वी

माळ्यावरील पेटीत गंजिफांचा जुना जोड सापडला, की लिलावात त्याला काय मोल येईल, हा विचार मनात येतोच. सावंतवाडी १९८१ पर्यंत आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होती. तेथील चिताऱ्यांच्या हातची ही कला. दशावतारी जोडात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० गोल पाने असतात. म्हणून आधी पाने मोजावीत. मूळ पेटीसह पूर्ण जोडाला खरे मोल; भावंडांत पाने वाटली, की उरतात केवळ सुटी चित्रे. बोलीपूर्वी किमान किंमत व दलाली लेखी ठरवावी. शंभर वर्षांची वस्तू मात्र १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे खाजगी व्यक्तीस परदेशी धाडता येत नाही. विकणे न विकणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. जोड फोडू नये, एवढेच आमचे सांगणे.