ठेवले होते, पण सापडत नाही

2025 च्या जून महिन्यातली गोष्ट. अकरावीचे प्रवेश त्या वर्षापासून सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. तोपर्यंत मोठ्या शहरांपुरती असलेली ही पद्धत आमच्या वडनेरलाही आली. हिंगणघाट तालुक्यातले, नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे हे आमचे गाव. मुलांनी दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि इतर कागद घेऊन आमच्याकडे यावे, आम्ही त्यांना अर्ज भरायला मदत करावी, असा क्रम सुरू होता.

एका रविवारी संध्याकाळी आमची एक विद्यार्थिनी आईबरोबर आली. ओबीसीतून अर्ज भरायचा होता. जातीचा दाखला हाती होता, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र मात्र फोनमध्ये होते. केंद्रवाल्याने ते दोन महिन्यांपूर्वी व्हॉट्सॲपवर पाठवले होते. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. आईने फोन काढला आणि शोधू लागली. गॅलरी पाहिली, डाउनलोड पाहिले, व्हॉट्सॲप वरपासून खालपर्यंत सरकवले. पाच मिनिटे, दहा मिनिटे, अर्धा तास. शेवटी ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, इसीच में था. मैंने खुद देखा था."

तिचे खरेच होते. पण मधल्या काळात फोन भरला होता आणि धाकट्या मुलाने खेळ बसवण्यासाठी "नको असलेल्या" फाइली पुसून जागा केली होती. त्या संदेशावर बोट ठेवले की, फाइल आता फोनमध्ये नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, असे येत होते. पाठवणाऱ्याचे केंद्र रविवारमुळे बंद आणि त्याचा फोनही बंद. मुलगी एक शब्द बोलत नव्हती. दहावीला चांगले गुण मिळवलेली ती मुलगी आपल्या आईच्या फोनकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर आम्ही विसरलेलो नाही.

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी हा प्रश्न घराघरांत का आहे ते पाहू.

पेटी होती, जागा ठरलेली होती

आमच्या अब्बांच्या काळी घरात एक लोखंडी पेटी असे. त्यात सातबारा, निकाहनामा, रेशन कार्ड, वीजबिलाच्या पावत्या. पेटीची चावी अम्मीकडे. कागद पिवळा पडला, कोपऱ्यात वाळवी लागली, पण "कुठे आहे?" हा प्रश्न कधी पडला नाही. कागदाला एकच जागा होती आणि ती घरातल्या सगळ्यांना माहीत होती.

फोनमध्ये ही एक जागा राहिलेली नाही. फोटो काढला तर तो कॅमेऱ्याच्या कप्प्यात जातो. इंटरनेटवरून उतरवले तर डाउनलोडमध्ये. व्हॉट्सॲपवर आलेले त्याच्या स्वतःच्या कप्प्यात, आणि आपण पाठवलेले त्यातल्याच "सेंट" नावाच्या वेगळ्या कप्प्यात. अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीनंतर व्हॉट्सॲपचा हा कप्पा आणखी आत गेला: आधी अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात कॉम डॉट व्हॉट्सॲप, त्यात व्हॉट्सॲप, त्यात पुन्हा मीडिया. पेटीत पेटी, त्या पेटीत आणखी पेटी! स्कॅन करणारे ॲप वापरले तर कागद त्या ॲपच्याच पोटात राहतो. ॲप काढले की कागदही जाऊ शकतो. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने 59 चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात कॅमस्कॅनर आणि ईएस फाइल एक्स्प्लोरर ही कागद स्कॅन करण्याची आणि फाइली सांभाळण्याची ॲप होती. ज्यांनी आपले कागद बाहेर न काढता घाईने ॲप पुसून टाकले, त्यांना हा धडा तेव्हाच मिळाला.

संगणकावर तरी वेगळे काय आहे? एमएस-सीआयटीच्या वर्गात आम्ही फोल्डर करायला शिकलो. तरीही मेलमधून आलेली फाइल तिथेच उघडून दोन तास त्यात भर घालायची, "सेव्ह" दाबायचे आणि दुसऱ्या दिवशी ती सापडू नये, हा अनुभव आम्हालाही आहे. ती फाइल संगणकाने आपल्या तात्पुरत्या कप्प्यात ठेवलेली असते. म्हणून मेलमधली फाइल आधी "सेव्ह ॲज" करून आपल्या जागी ठेवावी, मगच तिला हात लावावा.

आमचे विद्यार्थी तर फोल्डर या कल्पनेलाच हसतात. "सर, सर्च करायचं ना!" 2021 मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांतील प्राध्यापकांनीही हीच तक्रार मांडली होती. फाइल कुठे ठेवली आहे असे विचारले तर विद्यार्थ्यांना प्रश्नच कळत नाही. तेव्हा हे खेड्याचे किंवा अडाणीपणाचे दुखणे नाही, याची खात्री असू द्या.

नाव एक, अक्षरे चार

"सर्च करा" म्हणणे सोपे आहे. पण आपल्या घरांत शोधाची एक खास अडचण आहे, तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

आपलीच नावे घ्या. इंग्रजीत "शेख" किमान चार प्रकारे लिहिले जाते, कुठे नुसते "एस-के". "मोहम्मद" कुठे पूर्ण, कुठे "एम-ओ-एच-डी", कुठे "एम-डी". केंद्रवाल्याने एक स्पेलिंग टाकून फाइल ठेवली, आपण दुसरे टाकून शोधतो. यंत्राला दोन्ही एकच माणूस आहे हे कसे कळणार? मतदार यादीत नाव शोधताना होणारा मनस्ताप हाच, फक्त यंत्र मोठे.

मराठी आणि उर्दू लिपीतही हेच. काही वर्षांपूर्वी श्रीलिपी, कृतीदेव अशा फाँटमध्ये टंकलेल्या मराठी फाइली डोळ्यांना मराठी दिसतात, पण संगणकाच्या आत ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात. आज युनिकोडमध्ये "दाखला" टाइप करून शोधले तर त्या फाइली सापडणार नाहीत. उर्दूत 1994 पासून इनपेज आले. कातिबांच्या हातचे नस्तालिक संगणकावर उतरले, फार मोठे काम झाले. पण त्या जुन्या फाइली उघडायला इनपेजच लागते. आमच्याकडे उर्दू प्रश्नपत्रिकांचा एक जुना संच आहे. संगणक बदलला आणि तो संच दिसतो, पण वाचता येत नाही.

युनिकोडमध्येही फसगत होते. उर्दूची "ये" आणि अरबीची "या", उर्दूचा "काफ" आणि अरबीचा "काफ" शब्दाच्या मध्ये दिसायला सारखेच, पण संगणकाच्या लेखी वेगळी अक्षरे. अरबी कीबोर्डवर लिहिलेला शब्द उर्दू कीबोर्डवरून शोधला तर कित्येकदा हाती काही लागत नाही. मराठीत "दुसऱ्या"मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो, डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणून आमचा अनुभव असा, की महत्त्वाच्या फाइलीचे नाव साध्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवावे, आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावाचे स्पेलिंग आधार कार्डावर आहे तेच वापरावे.

लिहून ठेवणे आणि जपणे

कागदपत्रांची काळजी हे आपल्यासाठी नवे काम नाही. पवित्र कुरआनमधील सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची 282 वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लेखक असावा, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी शिकवण त्यात आहे.

कुरआनच्या संकलनाचा इतिहासही आपण मुलांना सांगतोच. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांच्या आग्रहावरून हजरत अबू बक्र (रजि.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्याकडे संकलनाचे काम सोपवले. ती प्रत पुढे हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे राहिली. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती मागवून घेतली, तिच्यावरून प्रती करवून निरनिराळ्या प्रांतांत पाठवल्या आणि मूळ प्रत परत केली. त्या महान कार्याशी आपल्या दाखल्यांची बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. पण सांभाळण्याचा सलीका त्यातून शिकता येतो. एक प्रत विश्वासू हाती, ठाऊक असलेल्या जागी. तिच्या नकला वेगवेगळ्या ठिकाणी. आणि काळजी संकट येण्याआधी.

एप्रिल 2025 मध्ये नवा वक्फ दुरुस्ती कायदा लागू झाला आणि जूनमध्ये "उमीद" पोर्टल सुरू झाले. वक्फ मालमत्तांची माहिती आणि कागद सहा महिन्यांत त्यावर चढवायचे होते. कायद्याविषयी मते काहीही असोत, मशिदी, दर्गे आणि कब्रस्ताने सांभाळणाऱ्या मंडळींना एक गोष्ट कळून चुकली. जुना कागद कोणाकडे आहे आणि त्याची स्कॅन केलेली प्रत कुठे आहे, हे आधीच ठाऊक असायला हवे.

घरात काय करता येईल

आम्ही आमच्या घरात जे करतो ते सांगतो. याला खर्च नाही, एक जुम्याची दुपार पुरते.

पहिले, फोनमध्ये एकच फोल्डर करावा आणि त्याला "घर" असे साधे नाव द्यावे. त्यात घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक फोल्डर. कागद आला की त्याच दिवशी तिथे हलवावा.

दुसरे, फाइलीला नाव द्यावे. कोणाचा, कोणता कागद, कोणते वर्ष, एवढे पुरे. व्हॉट्सॲपने दिलेली नावे अगदीच निरर्थक नसतात. त्यातले आठ आकडे म्हणजे तारीख: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. 20250412 म्हणजे 12 एप्रिल 2025. कागद साधारण कधी आला हे आठवत असेल तर यावरून शोध लागतो.

तिसरे, व्हॉट्सॲपमध्ये शोधताना गप्पा वर-खाली सरकवत बसू नये. त्या माणसाच्या नावावर बोट ठेवले की फोटो, कागद आणि दुवे वेगवेगळे दाखवणारी जागा उघडते. तिथे मिनिटाभरात काम होते.

चौथे, डिजिलॉकर वापरावे. 2015 मध्ये सुरू झालेली ही सरकारी सोय आहे. संबंधित खात्याकडून थेट त्यात आलेल्या कागदाला 2017 च्या नियमांनुसार मूळ कागदाचाच दर्जा आहे. मात्र आपण स्वतः फोटो काढून त्यात चढवलेल्या कागदाला तो दर्जा मिळत नाही, हा फरक लक्षात ठेवावा.

पाचवे, प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची एक प्रत घराबाहेरच्या विश्वासू नातेवाइकाकडे असावी. आणि छापील कागदांची पेटी मोडीत काढू नये!

सहावे, दुसऱ्याचा कागद ही अमानत आहे. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून झाली की तिथल्या संगणकावरून आपली फाइल पुसायला लावावी आणि व्हॉट्सॲप उघडले असेल तर बंद करूनच निघावे. घरातल्या मुलीबाळींचे आधार कार्ड आणि फोटो अनोळखी संगणकावर पडून राहणे बरे नाही. आम्हा शिक्षकांच्या फोनमध्येही कितीतरी मुलांचे कागद साचतात. काम झाले की ते पुसणे हे आमचे कर्तव्य आहे.

आणि एक शेवटचे. फोनचे कुलूप फक्त एकालाच उघडता येत असेल तर उद्या त्याच्या मागे घरच्यांनी काय करावे? वसीयत लिहून ठेवण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. कोणता कागद कुठे आहे, याची एक हाताने लिहिलेली यादी पेटीत असली तर मागे राहिलेल्यांवर मोठे उपकार होतील.

जे सापडले, जे सापडले नाही

आता त्या मुलीचे. रात्री नऊच्या सुमारास तिला अचानक आठवले, की प्रमाणपत्र मिळाले तेव्हा आनंदाने तिने ते पांढरकवड्याच्या मामूंनाही पाठवले होते. मामूंना फोन लावला. ते म्हणाले, "बेटा, मैं कुछ नहीं मिटाता, रुक." दोन मिनिटांत प्रमाणपत्र आले. अर्ज त्याच रात्री भरला. मुलगी आता विज्ञान शाखेत शिकते आहे, अल्हम्दुलिल्लाह. मामूंकडे असलेल्या एका नकलेने तिचा प्रवेश वाचवला.

पण सगळेच परत मिळत नाही. आमच्या अम्मींना लिहिता येत नव्हते, त्या आवाजाचे संदेश पाठवत. "जेवलास का, घरी कधी येतोस, अल्लाह हिफाजत करे," एवढेच. त्या गेल्यानंतर काही महिन्यांनी आम्ही फोन बदलला. बॅकअप घेतला आहे असे समजलो होतो, तो घेतलेला नव्हता. जुना फोन साफ करून देऊन टाकला होता. आम्ही खूप शोधले. अम्मींची सही नसलेला, अंगठा असलेला रेशन कार्डाचा कागद अजून पेटीत आहे. आवाज कुठेच नाही.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, हा अंक खाली ठेवण्याआधी एक काम करा. आईवडिलांचा एक आवाजी संदेश शोधा, त्याला नाव द्या आणि दोन ठिकाणी ठेवा. दाखला पुन्हा काढता येतो.