पितळेला पुन्हा आकार देताना

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तेव्हा त्याच्या रायफलीतून बाहेर पडणारी प्रत्येक पुंगळी कायमची निकामी होत होती. त्या प्रकारात .२२ चं काडतूस लागतं. त्याचा पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन ती कडच चेपते.

मोठ्या रायफलींच्या काडतुसात मात्र हा मसाला असलेली टोपी, म्हणजे प्रायमर, बुडाच्या मधोमध वेगळी बसवलेली असते. जुना प्रायमर काढून नवा बसवला, दारू आणि गोळी भरली की तीच पितळी पुंगळी पुन्हा कामाला येते. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र असंख्य शिकारी आणि नेमबाज घरच्या टेबलावर हे काम करतात. त्यांच्यापुढचा पहिला मोठा प्रश्न असतो तो डाय निवडण्याचा.

बार उडाला की पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतींना चिकटते आणि दाब उतरल्यावर किंचित आकसते. तिला मापात आणणारा पोलादी साचा म्हणजे डाय. साध्या संचात दोन डाय असतात. एक पुंगळीला आकार देतो आणि जुना प्रायमर ढकलून काढतो, दुसरा गोळी ठरलेल्या खोलीवर बसवतो. ७/८ इंच व्यास आणि इंचाला १४ आटे हे माप इतकं रुळलं आहे, की एका कंपनीचा डाय बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीच्या प्रेसमध्ये, म्हणजे डाय बसवायच्या दाबयंत्रात, बसतो.

आरसीबीएस हे या धंद्यातलं मोठं नाव. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये या कामाची सुरुवात केली. युद्धामुळे बाजारात गोळ्या मिळेनात, तेव्हा त्यांनी गोळ्या घडवायचे साचे केले. गोळीवरच्या धातूच्या आवरणासाठी वापरल्या त्या .२२ च्याच टाकाऊ पुंगळ्या!

आता निवडीकडे. फुल लेंग्थ डाय पुंगळीचं अंग, खांदा आणि मान, सगळंच दाबून मापात आणतो. शिकारीची रायफल असो वा अर्धस्वयंचलित, काडतूस अडकून चालत नाही, म्हणून तिथे हाच योग्य. नेक डाय फक्त मान आवळतो. पितळ कमी राबतं. पण अशी पुंगळी त्याच रायफलीपुरती उरते आणि काही फेऱ्यांनंतर बोल्ट जड जाऊ लागतो.

खरी मेख मानेत आहे. साधा डाय मान गरजेपेक्षा जास्त आवळतो आणि मग डायच्या आतल्या दांड्यावरचा गोळा ती ओढत रुंदावतो. या ओढाताणीत मान वाकडी होऊ शकते. ती टाळायला बुशिंग, म्हणजे मान आवळणारं बदलतं कडं, असलेले डाय आले. भरलेल्या काडतुसाची मान ०.३३६ इंच भरली, तर ०.३३४ चं बुशिंग लावायचं. मान हवी तेवढीच आवळली जाते. विस्कॉन्सिनच्या ली कंपनीचा कॉलेट डाय मानेला आतल्या दांड्यावर बाहेरून दाबतो. त्याला वंगणही लागत नाही. फुल लेंग्थ डायमध्ये मात्र वंगण विसरलं की पुंगळी आत अशी रुतते, की ड्रिल घेऊन बसावं लागतं.

पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला यातलं मर्म लगेच कळेल. ठोकून ठोकून धातू ताठर होतो, म्हणून तो मधेच भांडं तापवून मऊ करतो. पुंगळीची मानही अशीच दर खेपेला ताठरते आणि अखेर चिरते. म्हणून जाणकार मान तापवून मऊ करतात, पण बूड तापू देत नाहीत, कारण दाबाचा भार तिथे असतो.

पहिला संच घेणाऱ्याने महागड्या मायक्रोमीटर डायकडे धावू नये. बोल्ट रायफलीसाठी चांगला फुल लेंग्थ संच आणि खांद्याचं माप घेणारं साधन पुरतं. खांदा हजारांश-दोन हजारांश इंचच मागे सारायचा. बूड धरणारा शेलहोल्डर डायला टेकेपर्यंत डोळे मिटून डाय खाली फिरवला, तर खांदा नको तितका मागे जातो, दर बाराला पुंगळी ताणली जाते आणि बुडाच्या जरा वर फाटण्याचा धोका वाढतो. म्हणून डाय थोडा वर ठेवून सुरुवात करायची, अगदी थोडाथोडा फिरवून खाली आणायचा आणि प्रत्येक वेळी रिकामी पुंगळी चेंबरमध्ये घालून बोल्टचा दांडा सहज खाली येतो का ते बघायचं. तो सहज आला, की डाय जागेवर धरणारी चकती तिथेच कसायची.