घराच्या किमतीतून वृद्धाश्रमाची फी: ऐकीव सल्ले आणि खरे नियम

‘आईला वृद्धाश्रमात ठेवू आणि फ्लॅटवर रिव्हर्स मॉर्गेज काढू, बँकेच्या पैशांतून फी निघेल.’ नात्यात, सोसायटीत हा सल्ला सर्रास दिला जातो. देणाऱ्याने योजनेच्या अटी बहुधा वाचलेल्याच नसतात. घर तारण ठेवून दरमहा पैसे देणारी, २००७ साली नॅशनल हाउसिंग बँकेने आखलेली ही योजना साठी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्याच घरात राहता यावं म्हणून आहे. घर स्वकष्टार्जित हवं आणि कर्जदार तिथे राहत असायला हवा. वृद्धाश्रमासाठी असो वा मुलीकडे राहायला जाण्यासाठी, त्याने घर कायमचं सोडलं की कर्ज फेडावं लागतं. सलग वर्षभर एकही कर्जदार घरात राहिला नाही, तर घर सोडल्यातच धरतात. एकट्या आईसाठी हा मार्ग म्हणूनच निरुपयोगी. फी सुरू झाली की थोड्याच काळात बँकही पैसे परत मागणार.

जोडप्याचं मात्र वेगळं. समजा, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दोघं राहतात आणि स्मृतिभ्रंशामुळे आजींना शुश्रूषा केंद्रात ठेवावं लागतंय. दोघंही सहकर्जदार असतील आणि आजोबा घरातच राहत असतील, तर कर्ज चालू राहतं. दरमहा येणाऱ्या रकमेतून आजींची फी भरता येते. एकाचं वय ६० च्या वर आणि दुसऱ्याचं किमान ५५ हवं. आजार बळावल्यावर आजींच्या सहीचाच प्रश्न उभा राहतो, म्हणून हा विचार निदान होताच करायला हवा.

‘बँक शेवटी घर गिळणार’ ही भीती अर्धवट माहितीतून येते. मालकी कर्जदाराचीच राहते. दोघांच्या पश्चात व्याजासह कर्ज फेडून घर ठेवण्याचा पहिला हक्क वारसांचा. त्यांनी फेडलं नाही, तर बँक घर विकते आणि उरलेली रक्कम त्यांना देते. अटी पाळलेल्या असतील, तर घराच्या किमतीपेक्षा देणं जास्त निघालं तरी वरचा फरक वारसांकडून वसूल करता येत नाही. व्याज मात्र झपाट्याने चढतं. दरमहा २०,००० रुपये १५ वर्षं घेतले, तर हातात ३६ लाख येतात; दहा टक्के व्याज धरलं, तर देणं सुमारे ८३ लाखांवर जातं. हा हिशेब मुलांसमोर आधीच मांडलेला बरा.

बँकेकडून दरमहा मिळणाऱ्या रकमेवर आयकर लागत नाही. ते कर्ज आहे, उत्पन्न नव्हे.

मग एकट्या आईने काय करायचं? घर भाड्याने देणं हा सरळ मार्ग, पण आड येतो तो जुना धसका: भाडेकरू घर बळकावेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असेल, तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा परत मिळवता येतो. जागा न सोडणाऱ्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. थोडे पैसे वाचवायला ती टाळणं महागात पडतं.

घर विकायचं ठरलं, तर ‘ज्येष्ठांना कर नसतो’ या बोलण्यावर विसंबू नका. भांडवली नफ्यावरचा कर त्यांनाही आहे. वृद्धाश्रमात भरलेली अनामत म्हणजे नवं घर घेणं नव्हे, त्यामुळे तिच्यावर घरखरेदीची सवलत मिळत नाही.

सगळ्यांत घातक समज म्हणजे ‘घर मुलाच्या नावावर करून टाकू, फी तो भरेल.’ २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ इथे आधार देतं. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि ती पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. पण अशी अट होती, हे दाखवावं लागतं. बक्षीसपत्रात ती स्पष्ट लिहून घ्या, फी कोण भरणार त्या वाक्यासकट. ते वाक्य नसेल, तर सही करू नका.