टर्बो डिझेलची ताकद : आधी गेलेली मिळवा, मग वाढवा

जुनी डिझेल गाडी घेतलेल्या गिऱ्हाइकाची गॅरेजमध्ये ठरलेली मागणी असते : "पिकअप वाढवून द्या, पण खर्च बेताचा सांगा." ही मागणी पुरी करता येते. मात्र कामाचा क्रम चुकला, तर गिऱ्हाइकाचा पैसा बुडतो आणि मिस्त्रीचे नावही जाते.

उदाहरणासाठी फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन घेऊ. २००७ साली मारुतीने ते स्विफ्टमध्ये आणले. पुढे डिझायर, इंडिका व्हिस्टा, लिनिया अशा अनेक गाड्यांत तेच बसले. एप्रिल २०२० मध्ये मारुतीने डिझेल गाड्या विकणे थांबवले, तरी जुन्या बाजारात त्या आजही मिळतात. स्विफ्टमधील या १२४८ सीसी इंजिनाची मूळ ताकद ७५ पीएस.

टर्बो काय करतो?

सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर टर्बोचे चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि इंजिनात जादा हवा कोंबते. जादा हवा असली तरच जादा डिझेल नीट जळते आणि ताकद मिळते. म्हणजे या गाडीत ताकदीचे मूळ हवेत आहे.

पहिले काम : गळती आणि काजळी

लाख किलोमीटर चाललेली गाडी बहुधा मूळ ताकदीनिशी धावतच नसते. टर्बोपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप चिरलेला असतो, क्लिप ढिली असते, एअर फिल्टर भरलेला असतो. ईजीआर व्हॉल्व्ह आणि हवा आत जाण्याचा मार्ग काजळीने अरुंद होतो. हवा मोजणारा सेन्सर मळला, तर कॉम्प्युटर डिझेलच कमी सोडतो. चढावर काळा धूर आणि जोर कमी, ही हवा अपुरी पडत असल्याची ठळक खूण. ही कामे स्वस्त आहेत आणि गेलेली ताकद याच कामांतून परत येते. ऑइल वेळेवर आणि योग्य दर्जाचेच घालावे. टर्बोचा दांडा ऑइलच्या थरावर फिरतो आणि या इंजिनाची टायमिंग चेनही ऑइलवरच टिकते.

दुसरे काम : रीमॅप

गाडी निरोगी झाल्यावरच कॉम्प्युटरमधील नकाशा बदलण्याचा, म्हणजे रीमॅपचा विचार करावा. त्यात डिझेल आणि टर्बोचा दाब थोडा वाढवतात. स्वस्तातला "ट्युनिंग बॉक्स" मात्र कॉम्प्युटरला दाब कमी असल्याचे खोटे सांगतो आणि डिझेलचा दाब वाढवून घेतो. भार इंजेक्टरवर पडतो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कंपनीने हेच इंजिन ९० पीएसपर्यंत नेले, तेव्हा टर्बोही वेगळा, बदलत्या पात्यांचा बसवला. जुन्याच टर्बोकडून त्याहून अधिक मागणे म्हणजे त्याचे आयुष्य खर्ची घालणे. जोर वाढला की जुनी क्लच प्लेटही घसरू लागते; तिचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीच्या मूळ तपशिलाशी आर.सी.मधील नोंद जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. बदल विमा कंपनीला न कळवल्यास अपघाताच्या वेळी दावा अडकू शकतो.

गॅरेज चालवणाऱ्या तरुणांनी म्हणून प्रत्येक कामाचे वेगळे बिल द्यावे आणि गळती काढल्यावर गाडी गिऱ्हाइकाला स्वतः चालवून पाहू द्यावी. पुष्कळांचे समाधान तेथेच होते. न लागणारे काम गळ्यात मारले नाही, तर तेच गिऱ्हाईक दुसरे चार घेऊन येते. धंद्याची खरी वाढ यातच आहे.