पोलिसांनी नुकसान केलं, तर भरपाई कोण देणार?

भाडेकरू गुन्ह्यात अडकतो आणि पोलीस घरमालकाचं दार फोडतात. भाड्याने दिलेल्या टेम्पोत चोरीचा माल सापडतो आणि तो टेम्पो दोन-तीन पावसाळे पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडतो. मालकाचा गुन्ह्याशी काडीचाही संबंध नसतो, तरी भुर्दंड त्यालाच. अशा वेळी कोणी म्हणतं, ‘सरकारशी कोण भांडणार?’ तर कोणी म्हणतं, ‘कोर्टात जा, पैसे मिळतातच.’ ही दोन्ही मतं कितपत खरी, ते पाहू.

गैरसमज : सरकारवर दावाच लावता येत नाही.

वस्तुस्थिती : लावता येतो. राज्यघटनेच्या कलम ३०० मध्ये तशी सोय आहे; मात्र हे कलम थेट कंपनी सरकारच्या काळाकडे बोट दाखवतं. त्या काळी कंपनीवर ज्या बाबतीत दावा चालला असता, त्या बाबतीत आज सरकारवर चालतो. म्हणून अजूनही १८६१ सालचा कलकत्त्याचा एक खटला वकिलांच्या तोंडी असतो. खिदिरपूरच्या सरकारी गोदीतले कामगार लोखंडाचा अवजड तुकडा वाहून नेत होते. तो खाली पडला, आवाजाने एका जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा बुजला आणि जखमी झाला. भरपाई मंजूर झाली. पण त्याच निकालात न्यायालयाने एक भेद करून ठेवला. गोदी चालवणं हे कोणताही व्यापारी करील असं काम, तिथे सरकार जबाबदार. राजसत्तेशिवाय कोणी करूच शकत नाही अशा कामात मात्र नाही. घोड्याच्या मालकाला दाद मिळाली, पण पुढच्या शंभर वर्षांतल्या कितीतरी जणांची वाट या भेदाने अडवली.

गैरसमज : पोलिसांचं काम सार्वभौम सत्तेचं, त्यामुळे तिथे सरकारला कायमची सूट आहे.

वस्तुस्थिती : एके काळी हे खरं होतं. सप्टेंबर १९४७ मध्ये अमृतसरच्या एका पेढीचा भागीदार सोनं-चांदी विकायला मेरठला उतरला. मध्यरात्रीच्या सुमारास पोलिसांनी संशयावरून त्याला पकडलं आणि शंभर तोळ्यांहून अधिक सोनं जप्त केलं. पुढे त्याची सुटका झाली, चांदीही परत मिळाली. सोनं मात्र मालखान्याचा हेड कॉन्स्टेबल घेऊन पाकिस्तानात पळाला. हाच ‘कस्तुरीलाल’ खटला. पोलिसांनी हलगर्जीपणा केला, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. पण अटक, झडती आणि जप्ती ही सार्वभौम सत्तेची कामं, म्हणून सरकार जबाबदार नाही, असा निकाल दिला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर. त्यांनाही ही स्थिती समाधानकारक वाटली नव्हती. इंग्लंडने १९४७ मध्ये केला तसा कायदा करण्याचा विचार विधिमंडळांनी करावा, असं त्यांनी त्याच निकालात सुचवलं. १९६५ आणि १९६७ मध्ये विधेयकं आली, पण कायदा काही झाला नाही.

संसदेने जे केलं नाही, ते न्यायालयांनी तुकड्यातुकड्याने केलं. आंध्र प्रदेशात १९७५ साली एका व्यापाऱ्याचा खताचा आणि धान्याचा साठा जप्त झाला. तो परत करण्याचा आदेश निघाल्यावर व्यापारी माल घ्यायला गेला, तर माल घटला होता आणि खराबही झाला होता. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला भरपाईसाठी जबाबदार धरलं. सार्वभौम आणि असार्वभौम हा जुना भेद आजच्या कल्याणकारी राज्यात टिकत नाही, असंही सुनावलं. कस्तुरीलालचा निकाल कागदावर रद्द झालेला नाही, पण त्यातली हवा गेली आहे.

गैरसमज : जप्त झालेली वस्तू खटला संपेपर्यंत सुटत नाही आणि ठाण्यातून गेली तर गेलीच.

वस्तुस्थिती : १९७७ मध्ये कर्नाटकातल्या एका महिलेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलं. घरातून चोरीला गेलेले दागिने पोलिसांनी शोधून काढले, पण ठाण्यातून ते पुन्हा गायब झाले. वस्तू परत देता येत नसेल तर तिची किंमत द्या, असं सांगून न्यायालयाने १०,००० रुपये द्यायला लावले. पुढे २००२ मध्ये आणखी स्पष्ट सूचना आल्या : सविस्तर पंचनामा करा, फोटो काढा, जातमुचलका घ्या आणि माल मालकाच्या ताब्यात द्या, पंधरा दिवस ते महिनाभरापेक्षा जास्त काळ तो ठाण्यात ठेवण्याची गरज नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर मुदतीच घातल्या आहेत. माल न्यायालयापुढे आल्यावर चौदा दिवसांत त्याचं विवरण, मग फोटो किंवा चित्रीकरण आणि त्यानंतर तीस दिवसांत पुढचा आदेश. तरीही ठाण्यांबाहेर गाड्या गंजताना दिसतात. गाडी सुपूर्दनाम्यावर सोडवून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो, हेच पुष्कळ मालकांना माहीत नसतं.

गैरसमज : पोलिसांनी दार फोडलं की भरपाई मिळणारच.

वस्तुस्थिती : इथे मात्र कायद्याचा हात आखडता आहे. संहितेच्या कलम ४४ नुसार, ज्याला अटक करायची तो आत आहे असं मानायला आधार असेल आणि ओळख व हेतू सांगूनही दार उघडलं जात नसेल, तर पोलीस दार-खिडकी फोडू शकतात. मग ते घर आरोपीचं असो वा दुसऱ्या कोणाचं. निरपराध माणसाचं दार फुटू शकतं, हे कायद्यानेच गृहीत धरलं आहे. भरपाईबद्दल तिथे अवाक्षर नाही. म्हणून अधिकाराबाहेरची कृती, हलगर्जीपणा किंवा गरजेपलीकडची मोडतोड सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. विम्याचाही फारसा भरवसा नको : सक्षम सरकारी यंत्रणेच्या आदेशाने झालेलं नुकसान अनेक पॉलिसींमधून वगळलेलं असतं.

गैरसमज : अमेरिकेत असं झालं, तर सरकार लगेच चेक देतं.

वस्तुस्थिती : खाजगी मालमत्ता सार्वजनिक कामासाठी घेतली तर योग्य मोबदला द्यावा, असं तिथली घटना म्हणते. तरीही कोलोरॅडोत २०१५ साली दुकानातून चोरी करून पळालेला एक जण अनोळखी माणसाच्या घरात शिरला, एकोणीस तास पोलिसांशी झुंजला आणि घराची अक्षरशः चाळण झाली. शहराने ५,००० डॉलर देऊ केले. न्यायालयात मालकाच्या पदरी काही पडलं नाही. टेक्सासमधल्या मॅकिनी शहरात २०२० साली एका महिलेचं घर असंच उद्ध्वस्त झालं. ज्यूरीने सुमारे ६०,००० डॉलर मंजूर केले, पण अपील न्यायालयाने ते रोखले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. मात्र दोन न्यायमूर्तींनी हा प्रश्न गंभीर आणि अनिर्णित असल्याचं वेगळं नोंदवलं.

गैरसमज : मालमत्तेचा हक्क मूलभूत उरलेला नाही, त्यामुळे बुलडोझरपुढे इलाज नाही.

वस्तुस्थिती : चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून निघाला, पण कलम ३००-अ मध्ये घटनात्मक हक्क म्हणून शाबूत आहे. शिवाय बुलडोझर सहसा पालिका किंवा विकास प्राधिकरण आणतं, पोलीस बंदोबस्ताला असतात. दाद मागताना प्रतिवादी नेमका कोण, ते आधी पाहावं लागतं. अलीकडच्या निकालांवर मराठी न्यायमूर्तींचा ठसा आहे. उत्तर प्रदेशातल्या महाराजगंजला रस्तारुंदीकरणासाठी पाडलेल्या घरापोटी धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये २५ लाख रुपये द्यायला लावले. त्याच महिन्यात भूषण गवई यांच्या खंडपीठाने पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्यांकडून वैयक्तिक वसुलीचा इशारा दिला. रस्ता, फुटपाथ अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामांना मात्र हे संरक्षण नाही. एप्रिल २०२५ मध्ये अभय ओक यांच्या खंडपीठाने प्रयागराजच्या घरमालकांना प्रत्येकी १० लाख देण्याचा आदेश दिला. तिथे आदेश हाती पडला आणि दुसऱ्याच दिवशी घर पाडलं गेलं होतं.

या सगळ्याचा मथितार्थ असा, की हक्क आहे, पण तो वठवण्याची ठरलेली रीत नाही. म्हणून कागद महत्त्वाचे. पंचनाम्याची आणि जप्तीच्या यादीची प्रत मागून घ्या. झडतीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे. ते मिळावं म्हणून लेखी अर्ज करा. मोडतोडीचे फोटो त्याच दिवशी काढा आणि दुरुस्तीची बिलं जपा. दिवाणी दाव्याआधी साधारणपणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि काही दाव्यांना मुदत अवघी एक वर्षाची असते, तेव्हा वकील लवकर गाठा. गजेंद्रगडकरांनी सुचवलेला कायदा संसद करत नाही, तोवर प्रत्येक नुकसानग्रस्ताला आपला खटला पहिल्यापासून उभा करावा लागणार. भरपाई मिळाली तरी वर्षं जाणार, आणि त्या वर्षांचा हिशेब कोणताही निकाल देत नाही.