थर्माकोलच्या नावाची गायिका

चतुर्थीत फुगड्या घालताना आपला आवाज वाडीभर घुमतो. पण ग्रामसभेत माइक पुढे आला की आपण म्हणतो, "नको गो, माझा आवाज बरा नाही." म्हणून आज आम्ही लंडनच्या एका मुलीची गोष्ट सांगतो.

तिचं नाव मेरियन. आई ब्रिटिश, वडील सोमालियाचे. १९७६ साली, एकोणिसाव्या वाढदिवशी तिने पंक संगीताचा कार्यक्रम ऐकला. पंक म्हणजे मोजकेच सूर, वेगवान गिटार आणि मनातलं मोठ्याने सांगणं. त्याला गाणं शिकलेलं असावं लागत नाही. तिने जाहिरात देऊन साथीदार जमवले. बँडचं नाव 'एक्स-रे स्पेक्स'. सॅक्सोफोन वाजवणारी मुलगी जेमतेम सोळा वर्षांची. मेरियनने स्वतःला नाव घेतलं 'पॉली स्टायरिन', म्हणजे ज्याचा थर्माकोल होतो ते प्लॅस्टिक. वापरा आणि फेका, या रीतीला तो टोमणा होता.

सप्टेंबर १९७७मध्ये त्यांच्या पहिल्या गाण्याची तबकडी निघाली. 'मुलींनी दिसावं, बोलू नये' अशा अर्थाची इंग्रजीत जुनी म्हण आहे. गाण्याच्या सुरुवातीलाच पॉली ती म्हण उलटवते आणि बंधनं झुगारते. दातांना तारा, आवाज किंचाळल्यासारखा. तिने दोन्ही लपवलं नाही.

पॉली २०११मध्ये वारली, गाणं अजून ऐकलं जातं.

बायांनो, नळाला पाणी नाही हे सांगायला गोड गळा लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत माइक हातात घ्या.