चाबी मित्राच्या हातात, जबाबदारी कोणाच्या डोक्यावर?

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लिहिलेला भाग.

आपल्या बार्शीटाकळीत एक वाक्य रोज कानावर पडतं. "भाऊ, गाडी दे ना, अकोल्याला जाऊन लगेच येतो." आपण चाबी देतो, नाही म्हणणं बरं दिसत नाही. पण त्या चकरेत अपघात झाला तर भरणार कोण? गाडी चालवणारा, की जिच्या आरसीवर नाव आहे तो?

आधी अपघात होतात कशाने ते पाहू. रात्री कडेला उभी ट्रॉली, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. समोरच्याचा अप्पर थेट डोळ्यावर. अचानक आडवा आलेला रोही. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेला चिखल. वळणावर ओव्हरटेक, एका हातात फोन.

कारणं वेगवेगळी, पण वेग सगळ्यांना महाग करतो. साधा हिशोब करा. समोरचं दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो. ताशी ४० ला त्या सेकंदात गाडी ११ मीटर जाते आणि थांबेपर्यंत साधारण २० मीटर होतात. ताशी ८० ला तेच अंतर ६० मीटरच्या आसपास जातं. वेग दुप्पट, पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट. डिप्परच्या उजेडात इतकं लांबचं नीट दिसतच नाही. म्हणजे ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

आता कायदा. इथे दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या.

पहिली, गुन्हा. तो चालवणाऱ्यावर लागतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

दुसरी, नुकसानभरपाई. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागतात आणि तिथे चालवणाऱ्यासोबत मालक आणि विमा कंपनीही येते. मालक म्हणजे कोण? आरसीवर नाव असलेला. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या निकालात हे स्पष्ट केलं. गाडी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला विकली होती, पण आरसीवर नाव पहिल्याचंच होतं. कोर्टाने जबाबदारी त्याच्यावरच टाकली. म्हणून जुनी गाडी विकताना "नाव नंतर करू" म्हणू नका. फॉर्म २९ आणि ३० भरा आणि आरटीओत नाव बदललं का ते स्वतः तपासा.

लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० खाली मालकालाच ३ महिने कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. वर, लायसन्स नाही हे माहीत असून तुम्ही चाबी दिली असं सिद्ध झालं, तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊन ते तुमच्याकडून वसूल करू शकते.

आणि गाडी अठराच्या आतल्या भावाच्या हाती असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९अ. पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला आलिशान कारच्या धडकेत मोटरसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. कार चालवल्याचा आरोप १७ वर्षांच्या मुलावर होता, आणि पोलिसांनी त्याच्या वडिलांनाही अटक केली.

बरं, गाडी मागून नेणाऱ्याचं काय? 'निंगम्मा' प्रकरण ऐका. कर्नाटकात इलकलहून एक जण उसन्या मोटरसायकलवर गावी निघाला होता. पुढची लोखंडी पत्रे भरलेली बैलगाडी अचानक थांबली, हा तिच्यावर आदळून गेला. २००९ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की उसनी गाडी घेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, म्हणून चूक सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या कलमाखाली घरच्यांना दावा करता येत नाही. दुसऱ्या कलमाखाली काही मिळतं का, हे बघायला प्रकरण पुन्हा हायकोर्टात गेलं. मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचं अपघात विमा कवच असतं. पण ते मालकाचं, मागून नेणाऱ्या मित्राचं नाही.

उलटा गैरसमजही आहे. "आपण ट्रिपल सीट होतो, आता दावा करून काय फायदा?" असं नाही. २०२० च्या 'मोहम्मद सिद्दीक' निकालात मोटरसायकलवर तिघं होते आणि मागून कारने उडवलं. हायकोर्टाने भरपाईतून १० टक्के कापले होते, सुप्रीम कोर्टाने ती कपात रद्द केली. तिघं बसल्यामुळेच अपघात झाला हे दाखवावं लागतं. ट्रिपल सीटचा दंड मात्र वेगळा, तो लागणारच.

अपघात झालाच तर पळू नका. जखमीला दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा, २४ तासांत पोलिसांना कळवा. मदत करणाऱ्या तिसऱ्या माणसाला कायद्याचं संरक्षण आहे, त्याला नाव सांगायची सक्ती नाही. भरपाईचा दावा ६ महिन्यांच्या आत दाखल करा.

आता हे वाचून झालं की एमपरिवहन ॲप उघडा आणि तुमचा एमएच ३० चा नंबर टाका. विमा कधी संपतो ते बघा. नवीन दुचाकीसोबत ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो, आणि सहाव्या वर्षी बरेच जण विसरतात. आरसीवर नाव कोणाचं आहे तेही बघा. पुढच्या वेळी कोणी चाबी मागितली तर आधी लायसन्स मागा. मित्र दोन दिवस रुसेल, एवढंच.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. हेल्मेट घाला, आणि आमचा पॉडकास्ट गाडी थांबवूनच ऐका!